अंगणवाडीतले गणित: वस्तूंकडून बोलण्याकडे

तीन ते सहा वर्षांच्या मुलांशी गणिताचे बोलणे खेळता खेळता व्हावे, हा विचार आज सरकारी आराखड्यातही आहे. तिथवर पोचायला त्याला पाऊणशे वर्षे लागली. त्याचा पहिला टप्पा जव्हार-मोखाडा या आदिवासी तालुक्यांच्याच पालघर जिल्ह्यात आहे.

१९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मॉन्टेसरींची घोटीव लाकडी साधने पाड्यांना परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी खडे, शिंपले, बिया, पाने आणि काड्या आल्या. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर वर्गच पाड्यातल्या अंगणात भरू लागला. साधन स्वस्त झाले, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते मुलाच्या ओळखीचे झाले. मात्र मूळ मॉन्टेसरी पद्धतीचा कल शिक्षिकेने मोजकेच बोलण्याकडे होता. हाताळणीतून मूल आपोआप शिकेल, अशी धारणा त्यामागे होती.

स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या संशोधनाने या धारणेला वेगळे वळण दिले. समोरासमोरच्या दोन ओळींत सारखेच खडे मांडून एक ओळ पसरवली, की चार-पाच वर्षांचे मूल तिच्यात जास्त खडे असल्याचे सांगते, हे त्यांनी १९४१ च्या ग्रंथात मांडले. त्यावरून, मूल तयार होईपर्यंत संख्येच्या वाटेला जाऊ नये, असा अर्थ अनेकांनी काढला. तो घाईचा होता. एका वस्तूला एकच अंक, अंकांचा क्रम ठरलेला आणि शेवटचा अंक म्हणजे एकूण संख्या, हे नियम लहान संख्यांपुरते तीन-चार वर्षांची मुलेही पाळतात, असे रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये दाखवले. पुढे २००६ मध्ये सुसान लेव्हिन आणि सहकाऱ्यांच्या अमेरिकेतील अभ्यासात आढळले, की ज्या बालवर्गात शिक्षिकेच्या रोजच्या बोलण्यात संख्यांचे उल्लेख अधिक, तिथल्या मुलांची गणिती समज वर्षभरात अधिक वाढते.

जव्हार-मोखाड्यात अंगणवाडीची ओळख मात्र आधी आहाराची आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी इथल्या कुपोषणाकडे राज्याचे लक्ष वेधले. खाऊ आणि वजन पुढे आले, शिकणे मागे पडले. खरे तर गणिताच्या बोलण्याला खिचडीच्या पंगतीइतकी सोयीची जागा नाही. ‘ताटल्या पुरतील का?’, ‘कोणाला राहिली?’, ‘अजून किती आणायच्या?’ या प्रश्नांत एकास-एक जुळणी, तुलना आणि बेरीज आहे, आणि उत्तर लगेच पडताळता येते. वजनकाट्यावर मुलांची आपसात तुलना करू नये. तुलनेसाठी खड्यांची आणि चिंचोक्यांची टोपली पुरेशी आहे. सागरगोट्यांत एक हवेत असताना किती उचलायचे हे मूल बोटांनी ठरवते. तेच तोंडाने सांगायला लावले, की खेळाचे गणित होते. वारली लग्नचौकातले त्रिकोण आणि चौकोन तर मुलांनी घरच्या भिंतीवर पाहिलेलेच असतात.

इथली अडचण दुहेरी आहे. वारली, कातकरी, ठाकूर, कोकणा, महादेव कोळी अशा घरांत बोली वेगळी असते. पुस्तकी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मूल गप्प राहते आणि त्याला गणित येत नाही असा शिक्का बसतो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा मुलांचे अंगणवाडीतले वर्षही मध्येच तुटते.

२०२१ ची निपुण भारत मोहीम आणि २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा खेळ आणि संवाद दोन्हींवर भर देतात. वाडा तालुक्यातल्या सोनाळे येथील क्वेस्ट संस्था ‘पालवी’ उपक्रमातून अंगणवाड्यांबरोबर काम करते. साधनांचे संच वाटणे सोपे. मुलाच्या चुकीच्या उत्तरावर ‘कसं कळलं तुला?’ असे विचारून थांबणे अवघड. सेविकांच्या प्रशिक्षणात संच आणि नोंदवह्यांना जेवढा वेळ मिळतो, तेवढा तरी मुलाच्या बोलीत प्रश्न विचारण्याच्या सरावाला मिळायला हवा.