स्वस्त विज्ञानाचा युक्तिवाद

दुसरे महायुद्ध पेटलेले असताना, 1940 मध्ये, आयर्लंडच्या संसदेने एक संस्था स्थापन केली आणि तिला दोनच विभाग दिले: सैद्धांतिक भौतिकी आणि केल्टिक विद्या. हिशेब सरळ होता. देश गरीब, प्रयोगशाळा परवडणाऱ्या नव्हत्या. तेव्हा कागद, पेन्सिल आणि जुनी हस्तलिखिते यांवर भागणारे विषय घ्यावेत. ‘डब्लिन इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीज’मागे उभे असलेले पंतप्रधान एमन डी व्हॅलेरा स्वतः गणिताचे पदवीधर. (पुण्याची भांडारकर संस्था आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था एकाच कायद्यातून जन्मल्या असत्या तर? मला ही कल्पना फार मोहवते.)

‘सिद्धांत स्वस्त पडतो’ हे समर्थन आपल्याकडेही ऐकू येते. ते मला पटत नाही, आणि कारण डब्लिनच्याच इतिहासात आहे.

ऑस्ट्रियातून परागंदा झालेले भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर तिथे सतरा वर्षे राहिले. गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व एका सूत्रात बांधल्याची घोषणा त्यांनी जानेवारी 1947 मध्ये केली, वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. आइन्स्टाइन यांनी थंड प्रतिक्रिया दिली आणि दावा विरून गेला. याउलट संस्थेला जाहीर व्याख्याने देण्याचे कायद्याचे बंधन होते. त्यापोटी 1943 मध्ये ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी जीवनाविषयी व्याख्याने दिली. त्यांतून झालेले ‘व्हॉट इज लाइफ?’ हे छोटे पुस्तक वाचून वॉटसन आणि क्रिक जनुकाकडे वळले. ज्यासाठी त्यांना आणले ते फसले. उपचार म्हणून केलेले काम जीवशास्त्राला वळण देऊन गेले. याचा ताळेबंद कोणत्या रकान्यात मांडणार?

याच संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ लॉखलन ओ’रॅफर्टी यांचे उदाहरण अधिक अवघड आहे. महासममितीनुसार प्रत्येक मूलकणाला एक जोडीदार असतो. ती सममिती काटेकोर असती, तर इलेक्ट्रॉनचा तितक्याच वस्तुमानाचा जोडीदार कधीच सापडला असता. म्हणजे ती भंगलेली असली पाहिजे. असा भंग आपोआप कसा होऊ शकतो, याचे एक साधे प्रारूप त्यांनी 1975 मध्ये मांडले. पुढे सर्न प्रयोगशाळेच्या महाकाय यंत्रात असा एकही जोडीदार आजवर दिसलेला नाही. निसर्गाने कदाचित ही वाट घेतलीच नसेल. पण ‘अशी वाट असेल तर ती कोणत्या अटींवर’ हे गणित त्यामुळे खोटे ठरत नाही. मूलकणांचे वर्णन करणाऱ्या पुंज क्षेत्र सिद्धांतातले पुष्कळसे काम याच जातीचे असते, आणि पैसे देणाऱ्याला हे आधीच सांगावे; नाहीतर पुढे फसवल्याची भावना येते, तीही रास्तच.

शिवाय पेन्सिलीचा काळही मागे पडतो आहे. प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतल्या क्वार्कना बांधणारे बल कमी ऊर्जेला इतके तीव्र असते की नेहमीची टप्प्याटप्प्याची आकडेमोड तिथे चालत नाही. म्हणून अवकाश-काळाची जाळी कल्पून ते गणित महासंगणकावर सोडवतात. ट्रिनिटीतले आणि मुंबईच्या टाटा संस्थेतले संशोधक या कामात एकत्र आले. 2014 मध्ये त्यांनी तीन चार्म क्वार्क असलेल्या कणांच्या ऊर्जापातळ्या काढल्या. हे कण अजून कोणी पाहिलेले नाहीत. महासंगणकाला वीज लागते, माणसे लागतात, दर काही वर्षांनी नवी यंत्रे लागतात. स्वस्ताईच्या युक्तिवादात या कामाला जागाच नाही. तरी मुंबई आणि डब्लिन या दोन्ही ठिकाणी ते व्हायला हवे होते, असेच मी म्हणेन.