न पेरलेल्या फळाचा हक

ज्या झाडाला कुणी लावले नाही, पाणी घातले नाही, ज्याची कुणी राखण केली नाही, त्याचे फळ कुणाचे? आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना विचारले तर उत्तर लगेच मिळते. रानातले, डोंगरातले, मालक नसलेले फळ मुबाह आहे. जो तोडील त्याचे. फिकहच्या किताबांतही साधारण हेच सांगितले आहे. पाणी, चारा आणि विस्तव यांत सगळी माणसे भागीदार आहेत, या अर्थाची हदीस आपण मदरशात नाही तर निदान एखाद्या बयानात तरी ऐकलेली असते. अल्लाहने जे सर्वांसाठी ठेवले त्यावर एकट्याने कुंपण घालू नये, यामागची उदारता मोठी आहे.

तरीही 'मुबाह' एवढ्या एका शब्दाने माझे अलीकडे समाधान होत नाही. आणि या असमाधानाचे कारण, हसू नका, करवंदाचा केक आहे.

भट्टी आपल्या समाजाला नवी नाही. ईदच्या आधी घरचा मैदा, रवा, डालडा, पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत न्यायची, तिथल्या पत्र्यांवर बायकांनी स्वतः नानखटाई वळून मांडायची आणि बेकरीवाल्याला फक्त भाजायचे पैसे द्यायचे, ही रीत कितीतरी घरांत होती. काही घरांत आजही आहे. लाकडाच्या भट्टीत आधी पाव निघत. पाव निघाले की भट्टीचा ताव उतरू लागे, आणि त्या उतरत्या तावावर नानखटाई भाजली जाई. कडक आगीत ती वरून करपते, आत कच्ची राहते. म्हणजे पावासाठी जाळलेल्या लाकडांची उरलेली ऊब मोहल्ल्याच्या कामी येई. विस्तवातली भागीदारी म्हणजे काय, हे मला किताबाच्या आधी त्या बेकरीत कळले.

आता आमच्या घरी छोटा ओव्हन आहे. माझे शोहर चाकणच्या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत आहेत, त्यांच्या दिवाळीच्या बोनसमधून तो आला. त्यात मी मे महिन्यात करवंदाचा केक करते. करवंदाचा चीक कोमट पाण्याने दोनदा धुवावा लागतो, नाहीतर केकला तुरटपणा येतो. चिरून बिया काढायच्या आणि फोडी कोरड्या मैद्यात घोळवायच्या, म्हणजे त्या तळाशी बसत नाहीत. खाण्याचा सोडा मात्र जपून घालावा. करवंदाचा जांभळा रंग आंबटात लाल राहतो आणि सोड्याने निळसर, राखाडी होतो. पहिल्यांदा केक कापला तेव्हा आतून शाईच्या बाटलीसारखा दिसत होता, आणि मुलांनी तो मोठ्या आनंदाने खाल्ला! दही थोडे जास्त घातले की रंग टिकतो.

या केकची कीर्ती शेजारून शेजारी गेली आणि एका ओळखीच्या बाईंपर्यंत पोहोचली. त्या घरून केक, मफिन विकतात. वाकड, पिंपळे सौदागरकडच्या सोसायट्यांत त्यांची गिऱ्हाइके आहेत. त्यांनी मला विचारले, "तुम्हारा ननिहाल उधरच है ना? चालीस किलो करवंदे दिला दो. जंगल का माल है, किसी का हक तो मारा नहीं जाता."

किसी का हक तो मारा नहीं जाता. या वाक्याला मी तेव्हा काहीच उत्तर दिले नाही, पण ते मनातून जाईना.

माझे आजोळ चाकणच्या पश्चिमेला, भामचंद्राच्या डोंगराच्या बाजूला. तुकोबांच्या एकांताशी नाव जोडलेला हा डोंगर. त्या काही वर्षांत बकरी ईद ऐन उन्हाळ्यात यायची; 1995 ची मे महिन्यात होती. ईदसाठी आम्ही आजोळी जात असू ते शाळा उघडेपर्यंत तिथेच. सकाळी उन्हाच्या आत ठाकरवाडीच्या बायकांच्या मागे डोंगरावर जायचे. करवंदीची जाळी, आळूची फळे, तोरणे, ओढ्याकाठी जांभळे. करवंद फोडून आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा खेळ या पट्ट्यातल्या कुठल्याही जातीधर्माच्या मुलाला सांगावा लागत नसे. चिकाने ओठ एकमेकांना चिकटत आणि हातांवर काट्यांच्या रेघा उठत. नानी जाताना एकच ताकीद देई, "जाली पूरी नक्को खसोटो, पाखरां क्या खाएंगे?"

तेव्हा वाटे, नानीला पाखरांची दया येते. आता वाटते, तिला हिशेब कळत होता. कारण करवंदीची जाळी माणसाने लावलेली नसली तरी कुणीच लावलेली नाही, असे नाही. बुलबुल फळ खातो, बी दूर नेऊन टाकतो. रात्री उदमांजर खाते, कोल्हा खातो, त्यांच्या विष्ठेतून बी रुजते. ज्या झाडाचे फळ माणूस, पाखरू किंवा जनावर खाईल ते झाड लावणाऱ्याला सदक्याचा सवाब मिळतो, अशी हदीस बुखारीत आहे. मग या झाडाचा लावणारा कोण? बुलबुल! तो खातो आणि खाल्ल्याची किंमतही देतो. मी चाळीस किलो करवंदांच्या बिया चाळणीने काढून मोरीत टाकणार. दोघांच्याही खाण्याला मुबाह म्हणायचे असेल तर म्हणावे, पण दोन्ही खाणी एकसारखी नाहीत.

मी आलिमा नाही; डी.एड., बी.एड. केलेली मास्तरीण आहे. तरी शोधता शोधता दोन गोष्टी हाती लागल्या. एक तिर्मिझीतली हदीस. तिचा आशय असा, की बागेत शिरलेल्याने खावे, पण कपड्यात भरून नेऊ नये. ही बाग मालकाची आहे, रान नव्हे, आणि परवानगीवाचून खाण्याबद्दल उलेमांत मतभेदही आहेत, हे मला ठाऊक आहे. पण पोट आणि पदर यांतला जो फरक तिथे केला आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. पोटाला मर्यादा असते, पदराला नसते, आणि टेम्पोला तर नाहीच नाही.

दुसरी गोष्ट आपल्या हनफी मसलकाची. 'हिदाया'त डोंगरात सापडणाऱ्या मधाचा आणि फळांचा उल्लेख आहे. त्यांवरही उश्र, म्हणजे दहावा हिस्सा लागू आहे, असे तिथे म्हटले आहे. इमाम अबू यूसुफ यांचे मत वेगळे नोंदवले आहे. ते म्हणतात, उश्रचे कारण पिकणारी जमीन. इथे तशी जमीनच नाही, तर उश्र कशाचा? तर्काने पाहिले तर अबू यूसुफ यांचे म्हणणे चोख वाटते. पण मला पहिले मत धरून ठेवावेसे वाटते. जे मुबाह आहे, कुणाच्याही मालकीचे नाही, त्यातही गरिबाचा हिस्सा आधीच ठेवलेला आहे. म्हणजे 'कुणाचे नाही' आणि 'कुणाचे देणे नाही' ही दोन वाक्ये वेगळी आहेत. आपण पहिले वाक्य उच्चारतो आणि फायदा दुसऱ्याचा घेतो.

आणि खरेच ते कुणाचेच नाही का? राजगुरुनगरच्या एस.टी. स्टँडबाहेर, चाकणच्या बाजारात, भीमाशंकरच्या रस्त्यावर ठाकर, कातकरी, महादेव कोळी बायका पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसतात. गाड्या थांबतात, काच खाली होते आणि घासाघीस सुरू होते. "जंगलात फुकट तर मिळतं!" हे वाक्य मी सर्व भाषांत ऐकले आहे, आपल्या दखनीतही. बेकरीतल्या बिस्किटांच्या पुड्याचा भाव कुणी कमी करून मागत नाही. करवंदांचा मागतो, कारण आपल्याला वाटते की ही बाई आपल्याला आपलीच वस्तू विकते आहे. पहाटेची चढण, काटे, उन्हे चढायच्या आत उतरणे, शिवाय कोणती जाळी यंदा सोडायची हे पिढ्यांचे ज्ञान, हे सारे त्या द्रोणात असते. 2006 च्या वनहक्क कायद्याने वनात राहणाऱ्यांचा गौण वनोपजावरचा मालकी हक्क मान्य केला. म्हणजे कायद्यालाही शेवटी म्हणावे लागले की जंगलातले फळ बेवारस नव्हे. पण हा कायदा वनजमिनीपुरता. आमच्या आजोळचे बरेचसे माळ वनखात्याचे नव्हते, खाजगी होते. त्यांचे काय झाले?

सातबारा पाहिलेल्यांना 'पोटखराब' हा शब्द माहीत असतो. लागवडीला न येणारी, खडकाळ, उताराची जमीन. सरकारी कागदावर ती खराब; आकार नाही, पीक नाही. आमची सगळी करवंदे या खराब जमिनीत पिकत होती! पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला 1954 मध्ये, तिथले माळ कसे होते ते मला कुणी सांगितले नाही. पण चाकणचे बदलणे आमच्या पिढीने पाहिले. बजाजचा कारखाना 1999 मध्ये सुरू झाला, फोक्सवॅगनचा 2009 मध्ये, आणि मग एकामागून एक. जमिनी गेल्या, मोबदला आला. संपादनात विहिरीची किंमत होते, आंब्याच्या झाडाची होते. करवंदीच्या जाळीचा मोबदला कुणी मागितल्याचे मी आजवर ऐकलेले नाही. मागायचा तरी कुणी? सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याने करवंदे विकली नव्हती, आणि जी विकत होती तिचे नाव कुठल्याच उताऱ्यावर नव्हते. कुणाचे नाही म्हणून सर्वांचे होते. सर्वांचे होते म्हणून जाताना कुणी विचारले नाही.

इथे माझ्या एका सहशिक्षकांचा आक्षेप मांडलाच पाहिजे, कारण तो खोटा नाही. ते म्हणतात, "बाई, करवंदांवर कुणाचे घर चालले? कारखाने आले म्हणून तुमच्या मामांची मुले कांद्याच्या वखारीतून सुटली. बिदर, लातूर, आझमगढहून आलेल्या आपल्या मुलांच्या बापांना इथे काम मिळाले. आपली शाळा भरली ती त्यामुळे." अगदी खरे आहे. माझ्या घरचा ओव्हनसुद्धा त्याच कारखान्यांच्या पैशाचा, हे वर सांगितलेच आहे. मी कारखान्यांना शाप द्यायला बसलेली नाही, आणि गेलेल्या उन्हाळ्यांसाठी उसासे टाकणे मला मानवतही नाही. माझा मुद्दा लहान आहे. ज्या व्यवहारात मामाच्या मुलाला नोकरी मिळाली त्यात ठाकरवाडीच्या मावशीला काय मिळाले, हे विचारणे कृतघ्नपणा नव्हे. दहावा हिस्सा सोडा, तिला 'तुझे काही गेले का' एवढा प्रश्नही मिळाला नाही.

पाचवीच्या वर्गात मी हा विषय काढला. आधी करवंद म्हणजे काय हेच सांगावे लागले. उत्तर प्रदेशातून आलेल्या घरांतल्या मुलांना 'करौंदा' माहीत होता, पण तो गुलाबी, आंबट, लोणच्याचा; आमचा डोंगरी काळा गोड करवंद त्यांनी पाहिला नव्हता. ब्लूबेरी मात्र सर्वांना ठाऊक, ती मफिनच्या वेष्टणावर असते. मी द्रोणभर करवंदे वाटली आणि विचारले, यातला दहावा हिस्सा कुणाला द्यायचा? कुणी म्हणाले फकिराला, कुणी म्हणाले मशिदीच्या पेटीत. एका मुलीने विचारले, "टीचर, जिस चिडिया ने लगाया, उसको नहीं देना?" मी तिला नानीचे वाक्य सांगितले. तिला वाटले, मी तिची चेष्टा करते आहे.

त्या ओळखीच्या बाईंना मी शेवटी कळवले की चाळीस किलो माझ्याकडून होणार नाहीत. हवी असतील तर बाजारात बसणाऱ्या बायकांकडून, त्या सांगतील त्या भावाने, त्या देतील तेवढीच घ्यावीत. त्यांनी दोनदा घेतलीही. भाव ऐकून त्या जरा नाराज होत्या, आणि केकची किंमत त्यांनी वाढवली. गिऱ्हाइकांनी ती दिली, असे त्याच सांगत होत्या. मग प्रश्न राहतो माझ्या केकचा. तो मी आजही करते. करवंदे विकत घेते, तरी बियांचा हिशेब उरतोच.

करवंदाचे बी फार दिवस टिकत नाही, ताजे असतानाच पेरावे लागते. गेल्या जूनमध्ये मुलांनी वाटीभर बिया शाळेच्या मागच्या भिंतीला लागून पेरल्या. पाऊस चांगला झाला आणि सतरा रोपे आली. मुख्याध्यापिकांना ती पसंत नाहीत. काटेरी झाड, लहान मुले, उद्या कुणाच्या डोळ्याला लागले तर जबाबदार कोण, असे त्या म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. रोपे सध्या वीतभर आहेत, काटे अजून मऊ आहेत. पालकसभेत विषय ठेवायचा ठरले आहे.