सवलत कीं न्याय?

अभ्यासक्रमांत बदल करणें हें तज्ज्ञांचें काम आहे, सामान्य वाचकास त्यांत लक्ष घालण्याचें कारण नाहीं, असा समज आमच्या सुशिक्षित वर्गांत रूढ आहे. परंतु प्रत्येक अभ्यासक्रमाच्या मुळाशीं नीतीचा एक प्रश्न असतो, आणि तो तज्ज्ञांवर सोंपवून आपणांस मोकळें होतां येत नाहीं. तो प्रश्न असा: ज्या मुलास समाजानें कांहीं दिलें नाहीं, त्याच्याकडून तें परीक्षेंत मागण्याचा समाजास अधिकार आहे काय? आणि तो नसेल, तर मागणें सोडून द्यावें, कीं देण्यास आरंभ करावा? माध्यमिक शाळांतील विज्ञानाच्या संबंधानें हा प्रश्न आज महाराष्ट्रापुढें उभा आहे. पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गांवीं तो अधिक स्पष्ट दिसतो, म्हणून तेथूनच त्याचा विचार करूं.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें महात्मा जोतीराव फुले यांनीं जें निवेदन सादर केलें, त्यांत बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणांत शेतीचें व आरोग्याचें ज्ञान असावें, अशी मागणी होती. ज्ञान हें मोजक्यांचें भूषण नसून सर्वांच्या निर्वाहाचें साधन आहे, हा तिचा आशय. पुढें १९६४ ते १९६६ या काळांत काम केलेल्या कोठारी आयोगानें पहिल्या दहा वर्षांच्या शिक्षणांत विज्ञान व गणित सर्वांस आवश्यक करावें अशी शिफारस केली. आणि नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा महाराष्ट्रांत १९७५ सालीं झाली. तेव्हांपासून विज्ञान हें निवडक मुलांचें न राहतां सर्वांचें झालें. निदान कागदावर तरी झालें.

आतां पाचोऱ्याकडे वळूं. मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील हें गांव. भोंवतीं काळी जमीन, तींत कपाशी, आणि गांवांत कापसाचा व्यापार. आसपासच्या खेड्यांतून माध्यमिक शाळेंत येणारीं कित्येक मुलें घरीं अहिराणी किंवा तिच्या जवळची बोली बोलतात. अपवर्तन, अपस्करण अशा शब्दांनीं भरलेली पुस्तकी मराठी त्यांस अर्धी परकीच. त्यावर सेमी-इंग्रजीच्या वर्गांतून विज्ञान व गणित इंग्रजींत शिकविण्याची पद्धत राज्यभर पसरली आहे. म्हणजे भिंगांतून प्रकाश कसा वांकतो हें कळण्यापूर्वीं या मुलांस दोन भाषांचे उंबरठे ओलांडावे लागतात.

ही अडचण आजची नव्हे. १९७४ सालीं मुंबईस स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानें आपल्या आरंभीच्या वर्षांतच जळगांव जिल्ह्यांतील खिरोदा परिसरांत ग्रामीण शाळांच्या विज्ञानशिक्षणाचें काम हातीं घेतलें होतें. आशय तोच ठेवून पुस्तकाची भाषा सोपी केली असतां मुलांच्या समजुतींत मोठा फरक पडतो, असेंही त्या केंद्राच्या अभ्यासकांस १९८० च्या सुमारास आढळून आलें. उणीव मुलांच्या बुद्धींत नव्हती, तिच्यापर्यंत पोंचणाऱ्या वाटेंत होती.

या पार्श्वभूमीवर २०२४ सालच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यांतील एक सूचना पाहावी. दहावीस गणित व विज्ञान यांत पस्तीसांहून कमी, परंतु वीस किंवा अधिक गुण मिळविणाऱ्या मुलास पुढें जाऊं द्यावें. मात्र पुढें त्याला हे विषय घेतां येणार नाहींत असा शेरा गुणपत्रिकेवर असावा, अशी ती योजना. तिच्यामागील कळकळ आम्ही नाकारीत नाहीं. ज्यास भाषेंत वा चित्रकलेंत गति आहे, त्याचें वर्ष एका विषयापायीं कां बुडावें? खेड्यांतील नापास झालेल्या मुलीचें शिक्षण तर पुष्कळदां तेथेंच संपतें, आणि तिच्या लग्नाची बोलणीं सुरू होतात. हा विचार ज्याच्या मनास शिवत नाहीं, त्यानें शिक्षणावर बोलूंच नये.

तथापि या सवलतींत एक गोष्ट गृहीत धरली आहे: ज्यास डॉक्टर वा इंजिनियर व्हावयाचें नाहीं, त्याचें विज्ञानावांचून अडत नाहीं. पाचोऱ्याच्या कपाशीच्या शेतांतच या समजाचें खंडन होतें. बीटी कपाशीस भारतांत २००२ सालीं परवानगी मिळाली. तिच्या अंगीं बोंडअळीस मारक असें प्रथिन असतें. प्रारंभीं अळी आटोक्यांत आली. परंतु ज्या थोड्या अळ्या त्या विषास दाद देत नव्हत्या त्याच मागें उरल्या, त्यांचीच प्रजा वाढली, आणि २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांत गुलाबी बोंडअळीनें कपाशीचें अतोनात नुकसान केलें. हें लांबणीवर टाकण्यासाठींच शेताच्या कडेनें साध्या कपाशीच्या ओळी लावाव्या, म्हणजे विषास बळी पडणाऱ्या अळ्याही कांहीं जगतील व त्यांच्याशीं संकर होऊन प्रतिकारशक्ति मंद पसरेल, अशी योजना होती. त्यासाठीं बियाण्याबरोबर वेगळी पुडीही दिली जात असे. पुष्कळ शेतकऱ्यांनीं ती पेरली नाहीं; कीड पोसण्यासाठीं जमीन सोडावी हें कोणास पटणार? २०१८ सालीं आलेल्या दहावीच्या विज्ञान-पुस्तकाच्या दुसऱ्या भागांतील पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांति यांवर आहे. त्या पुडीचें मर्म त्या धड्यांत होतें. जो मुलगा शेतीच करणार, त्यालाच त्या धड्याची गरज अधिक. आणि 'विज्ञान तुझ्यासाठीं नाहीं' हा शेरा बहुधा त्याच्याच गुणपत्रिकेवर पडावयाचा.

मग उलट बाजूनें कोणी म्हणेल कीं, सवलत मुळींच नको. सर्वांस एकच पुस्तक व एकच प्रश्नपत्रिका, हीच खरी समता. आम्हांस हेंही मान्य नाहीं. मोजपट्टी एक असली म्हणजे न्याय झाला असें नव्हे; ज्यास मोजावयाचें त्यास वाढण्यास काय मिळालें, हेंही पाहिलें पाहिजे. विज्ञानाचे शंभर गुण पाहा: चाळीस-चाळीसांच्या दोन लेखी पत्रिका, आणि वीस गुण शाळेनें द्यावयाच्या प्रात्यक्षिकांचे. प्रयोगशाळेचें कुलूप क्वचितच निघावें आणि हे वीस गुण मात्र सढळ हातानें पडावे, असा प्रकार कित्येक ठिकाणीं चालतो, हें पालकांपासून लपलेलें नाहीं. येथें आपण मुलास विज्ञान तर देत नाहींच. न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून लिहिण्याचें शिक्षण मात्र देतों. ज्या विषयाचा पाया सत्यनिष्ठा, त्याच्या नांवावर हें चालावें, हा अपराध नापासाच्या शेऱ्याहून लहान नाहीं.

म्हणजे सवलत देणारा व कडकपणा धरणारा, दोघेही एका गोष्टींत सारखेच: द्यावयाचें तें न देतां दोघेही मोकळे होतात.

देणें शक्य आहे काय, असें विचाराल, तर शेजारच्या मध्य प्रदेशांतील उदाहरण आहे. होशंगाबाद जिल्ह्यांत १९७२ सालीं सोळा शाळांतून एक उपक्रम सुरू झाला. मुलांनीं स्वतः प्रयोग करावे, शेतांत हिंडून निरीक्षण करावें, परीक्षेंत पुस्तक उघडें ठेवून विचार करावा, अशी त्याची रीत होती. १९७८ सालीं तो जिल्ह्यांतील सर्व माध्यमिक स्तराच्या शाळांत पोंचला. त्याचें बळ केवळ नव्या पुस्तकांत नव्हतें; शिक्षकांचीं प्रशिक्षणें, त्यांच्या नियमित बैठका व साध्या प्रयोगसाहित्याच्या पेट्या यांत होतें. २००२ सालीं सरकारनें तो बंद केला. येथील मुलें पुढील स्पर्धेंत मागें पडतील, ही शंका तेव्हां विरोधकांनीं बोलून दाखविली होती. ती हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. दोन-चार एकर कोरडवाहूवर घर चालविणाऱ्या बापास मुलाचे गुण हीच एक शिडी दिसते; ती हलवूं लागल्यास तो विरोध करणारच. म्हणून शिकविण्याची रीत बदलावी आणि बोर्डाची परीक्षा जुनीच ठेवावी, ही सुधारणा नव्हे. तें मुलास दोन होड्यांत उभें करणें होय.

आमच्या मतें न्यायाचा क्रम असा असावा. आधीं शिक्षकास वेळ, साहित्य व सोबत द्यावी. कारण नवें पुस्तक हातीं पडल्यावर एकटा उरलेला शिक्षक जुन्या पाठांतराकडेच परततो. मग भाषा मुलाच्या जवळ आणावी, आणि बोलींतील उत्तरास वर्गांत हंसूं नये. नंतर परीक्षेनें पाहिलेलें, हाताळलेलें व विचार करून मांडलेलें विचारावें. एवढें केल्यावरही कोणी मागें राहिलाच, तर त्याचें वर्ष वांचवावें. पण पुढचें दार बंद करणारा शेरा लिहूं नये. पंधराव्या-सोळाव्या वर्षीं कोणाच्या बुद्धीचा शेवटचा निकाल लागत नसतो.

या मासिकाच्या वाचकांच्या घरीं मुलांस शिकवणी आहे, पुस्तकें आहेत, प्रश्नास उत्तर देणारें माणूस आहे. त्यामुळें अभ्यासक्रम कसाही बदलला तरी त्यांचें बहुधा निभावतें. ज्यांचें निभावत नाहीं, त्यांच्यासाठीं मागणी कोणी करावयाची? शालासमितींत, पालकसभेंत, मतदानाच्या वेळीं आपण आपल्या मुलाच्या टक्केवारीपलीकडे, गांवच्या शाळेची प्रयोगशाळा उघडते कीं नाहीं, एवढें जरी विचारूं लागलों, तरी देण्यास आरंभ झाला असें आम्ही समजूं.