जळालेल्या वाड्यात काय होते?



अलिबागचा कुलाबा किल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. ओहोटीची वेळ विचारायची, चपला हातात घ्यायच्या आणि मुलांना दटावत चालू लागायचे. आत राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले गणपतीचे मंदिर आहे, गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. वाड्यांची जोती आहेत, तिथे मात्र कोणी फारसे थांबत नाही. १७८७ मध्ये मोठी आग लागून किल्ल्यातील आंग्रे वाडा जळाला. १८४० मध्ये संस्थान खालसा झाले आणि १८४२ मध्ये इंग्रजांनी उरलेल्या इमारतींचे लाकूडसामान लिलावात विकले. लिलावात निदान प्रत्येक तुळईला बोली तरी लागते. आगीत तेही नाही.

त्या वाड्यात काय काय होते? पेट्या, वह्या, पाळणे, कोणाची तरी औषधाची डबी असेलच. हा प्रश्न मला इतिहासापेक्षा न्यायाचा अधिक वाटतो.

आयर्लंडमध्ये १९२० ते १९२३ या काळात जमीनदारांच्या अडीचशेहून अधिक मोठ्या हवेल्या जाळल्या गेल्या. कुळांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा राग त्यामागे होता आणि तो अकारण नव्हता. पुढे नुकसानभरपाईसाठी मालकांनी याद्या दिल्या: चित्रे, गालिचे, चांदीची भांडी, पुस्तके. म्हणून त्यांचे काय जळाले ते आज वाचता येते. पण अशी यादी बहुधा मालकाची असते. स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहणाऱ्या मोलकरणीच्या ट्रंकेत काय होते, हे कोण विचारणार? आणि ज्याची नोंद नाही, ज्याची आठवण असणारेही आता कोणी नाही, ते हरवले असे तरी कशाला म्हणायचे?

असे विचारणारे हुशार लोक भेटतात. त्यांच्या मते वस्तूचे मोल आठवणाऱ्याच्या मनात असते. आठवणारा गेला की नुकसानही संपले. मला हे पटत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन एक कठोर विधान केले आहे: घडून गेलेले न घडलेले करणे देवालाही शक्य नाही. सेमिनरीत आम्ही हे केवळ तर्काचे कोडे म्हणून सोडवले. पण त्याचा अर्थ असा की त्या मोलकरणीची ट्रंक होती. आगीने ती नाहीशी केली; ती कधी नव्हतीच, असे मात्र आग करू शकत नाही, आणि आपले विसरणेही करू शकत नाही. नोंदीमुळे गोष्ट खरी होत नाही. ती आधीच खरी असते, म्हणून तर नोंद करायची.

अर्थात, जिचे घर गेले तिला हे सांगून काय उपयोग? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आले, पंचनामे झाले. पत्रे, कौले, धान्य, भांडी, होड्या, नारळ-सुपारीची झाडे लिहिली गेली. ते आवश्यकच होते. सरकारला मोजता येईल तेवढेच भरून देता येते. भिजून लगदा झालेला लग्नाचा फोटो, आईच्या हस्ताक्षरातली वही यांना रकाना नव्हता, आणि त्यात तलाठ्याचा दोष नाही.

दोष असलाच तर शेजाऱ्यांचा. “जीव वाचला ना, बस्स! वस्तू काय, पुन्हा येतील,” असे आपण चटकन म्हणतो. बोलण्यात खोटे काही नाही, पण घाई आहे. काही जण तर शुभवर्तमानाचा दाखला देतात. पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, हे येशूने साठवणाऱ्यांना सांगितले आहे. छप्पर उडालेल्या बाईला नव्हे. तिला पुष्कळदा भरपाईपेक्षा आधी यादी सांगायची असते. सगळी, क्रमाने, कोणी दिलेली वस्तू कोणत्या फळीवर होती त्यासकट. ती सांगू लागते. आपण दोन मिनिटे मान डोलावतो आणि मग घड्याळाकडे पाहतो. तिची अजून पहिली फळीही संपलेली नसते.