करार आणि कर्तव्य

करारनाम्याने बांधलेल्या मनुष्याने आपला शब्द पाळला, तर त्यास सद्गुणी म्हणावे काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या अध्यापनात आमच्यापुढे वारंवार आला आहे. कांटचा आधार घेऊन विद्यार्थी तत्काळ उत्तर देतात की, भयाने अथवा लाभाच्या आशेने घडलेल्या कर्मास नैतिक मूल्य नाही. आम्हीही पुष्कळ वर्षे हेच शिकवीत आलो. परंतु वेल्समधील एका जुन्या दगडी पुलाचा इतिहास वाचनात आल्यापासून त्या उत्तराने आमचे समाधान होत नाही.

दक्षिण वेल्समध्ये टॅफ नदीवर, पाँटिप्रिद येथे हा पूल आहे. आज तेथे शहर आहे. अठराव्या शतकात तो सारा खेड्यांचा मुलूख होता. १७४६ साली पुलाचे काम विल्यम एडवर्ड्‌स याजकडे आले. हा गृहस्थ शेतकरी, स्वतःच्या निरीक्षणाने तयार झालेला गवंडी, आणि शिवाय एका ख्रिस्ती मंडळीचा धर्मोपदेशक होता. पूल सात वर्षे टिकेल अशी हमी त्याजकडून घेण्यात आली होती. त्याचा पहिला पूल अनेक कमानींचा होता. सुमारे दोन वर्षांनी मोठा पूर आला. वाहून आलेली झाडे खांबांत अडकली, पाणी तुंबले, आणि पूल गेला.

नदीत खांबच नसले तर अडकावयास काही उरणार नाही, असा विचार करून त्याने १४० फुटांच्या एकाच कमानीने सारे पात्र ओलांडण्याचे योजिले. तो दुसरा प्रयत्न पुरा होण्यापूर्वीच ढासळला. तिसरी कमान उभी राहिली. परंतु तिच्या दोन्ही खांद्यांवरील बांधकामाचा भार एवढा झाला की, त्या दाबाने हलका माथा वर उचलला गेला आणि कमान फुटली. चौथ्या वेळी त्याने प्रत्येक खांद्यात तीन वाटोळी, आरपार विवरे ठेविली व भार कमी केला. १७५६ साली पुरा झालेला तो पूल आजही उभा आहे.

आक्षेपक म्हणेल, करार नसता तर हा मनुष्य घरी बसला असता. असेलही. परंतु करार असताही हात वर करणारे लोक कोणत्या काळात नव्हते? शिवाय करार मनुष्यास पुन्हा बांधावयास लावू शकेल. आपण कोठे चुकलो हे निरहंकारपणे शोधावयास तो लावू शकत नाही. तिसऱ्या वेळी कमान दुबळी म्हणून पडली नव्हती, नको तेथे जड म्हणून पडली होती. आपणच रचलेले दगड अनावश्यक होते हे कबूल करणे कोणत्याही हमीपत्रात लिहिलेले नसते.

कमान बांधताना गवंडी तिच्याखाली लाकडी कलबूत उभे करतात. माथ्याचा दगड बसेपर्यंत सारा भार त्यावर असतो. पुढे ते काढून घेतात व कमान स्वतःच्या बळावर राहते. कलबुताचा आधार घेतला म्हणून कमानीस कोणी खोटी म्हणत नाही. आपले मन पुढे डळमळेल हे ओळखून जो आधीच स्वतःस बांधून घेतो, त्याचा करार असाच समजावा.

अर्थात शब्द पाळला म्हणजे सारे ऋण फिटले असेही नाही. एडवर्ड्‌सच्या पुलाची चढण इतकी उभी झाली की, भरलेल्या गाड्यांस ती फार जड जाई. अखेर १८५७ साली त्याच्या शेजारीच दुसरा, सपाट पूल बांधावा लागला. जुना मात्र कोणी पाडला नाही.

आम्ही स्वतः एकदा आपखुशीने अंगावर घेतलेले काम पहिल्याच अपयशानंतर सोडून दिले होते. ‘आम्हांस कोणी बांधून घेतले नव्हते’ असे तेव्हा मनाचे समाधान केले, आणि त्यास स्वातंत्र्य हे नाव दिले. आता वर्गात कांटचे मत सांगून झाल्यावर आम्ही टॅफवरील त्या गवंड्याची हकीकतही सांगतो, आणि निर्णय विद्यार्थ्यांवर सोपवितो. आमच्यापुरता तो झालेला आहे.