परक्याची ठेव

देवस्थानाच्या जत्रेत पालखीची वाट पाहत मंडळी सभामंडपात बसलेली असतात. कोणाचा मुलगा कोठे शिकतो, कोणाच्या मुलीचे कोठे जमले, अशी विचारपूस चाललेली असते. इतक्यात महाविद्यालयाच्या आरोग्यकेंद्रातील डॉक्टर दर्शनाला येतात आणि एखादे गृहस्थ त्यांना खांबाआड नेऊन विचारतात, "आमची मुलगी परवा आपल्याकडे आली होती म्हणे. काय झाले आहे तिला?" या प्रश्नात दुष्टावा नाही, माया आहे. डॉक्टरही घरोब्याचे. मग उत्तर देण्यात गैर ते काय?

गैर आहे, असे आमचे मत आहे. देवाचे दागिने ज्याच्या ताब्यात असतात, त्या खजिनदाराजवळ किल्ली असते, मालकी नसते. सख्ख्या भावाच्या घरी लग्न असले, तरी देवाचा हार तो एका दिवसापुरताही देऊ शकत नाही. भाऊ वाईट म्हणून नव्हे, तर वस्तू आपली नाही म्हणून. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही अशीच परक्याची ठेव होय.

हा विचार नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील 8 व्या अध्यायात गुरू शिष्याला जो उपदेश करतो, त्यात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर न सांगण्याची आज्ञा आहे. ग्रीकांच्या हिपोक्रेटसच्या शपथेतही हाच नियम आहे. लाजेपोटी लपविलेल्या रोगावर उपचार होत नाही, हे दोघांनीही ओळखले होते. आपल्या देशात वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेने हे बंधन डॉक्टरांवर घातले आणि 2017 च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने गुप्तता हा रुग्णाचा हक्क ठरविला.

विद्यार्थ्याच्या बाबतीत तर हे अधिकच नाजूक आहे. परीक्षेपूर्वी उडालेली झोप, मनावरचे मळभ, जडलेले व्यसन, या गोष्टी तो प्रथम कोठे बोलणार? 'तेथे सांगितलेले घरी कळते' अशी एकदा कुजबूज झाली, की केंद्राचे दार उघडे असूनही ज्याला सर्वांत अधिक गरज आहे, तोच आत पाऊल टाकत नाही.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. डॉक्टर सर्दीपडशाविषयी मोकळेपणी बोलू लागले आणि गंभीर दुखण्याविषयीच गप्प राहिले, तर ते मौनच सारे सांगून जाईल. म्हणून किरकोळ दुखण्यातही मौनच पाळावयास हवे. बाकावरील दहाजणांसमोर रोगाचे नाव पुकारणारा कंपाउंडरही ही ठेव उधळीतच असतो.

मात्र हा नियम निरपवाद नाही. 1969 मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले येथे विद्यापीठाच्या आरोग्यसेवेत उपचार घेणाऱ्या एका विद्यार्थ्याने एका तरुणीला ठार मारण्याचा मनोदय आपल्या मानसोपचारकाजवळ बोलून दाखविला. पोलिसांना कळविण्यात आले. त्यांनी त्याला थोडा वेळ अडवून सोडून दिले. त्या तरुणीला वा तिच्या घरच्यांना कोणीच सावध केले नाही आणि तिची हत्या झाली. अशा वेळी संकटातील व्यक्तीच्या रक्षणासाठी योग्य ती काळजी घेणे हे उपचारकाचे कर्तव्य ठरते, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये दिला. आपल्याकडेही 18 वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास 2012 च्या कायद्यान्वये ते कळवावेच लागते. आग लागली असता कुलूप तोडणे हा धर्मच आहे. परंतु आईबापांची हुरहूर म्हणजे आग नव्हे.

मग त्या मायेला काही अधिकारच नाही काय? आहे, पण तो मुलीला विचारण्याचा आहे, तिला वगळून डॉक्टरांना विचारण्याचा नव्हे. डॉक्टरांनीही तिला म्हणावे, "आईला सांग, हवे तर मी जवळ बसतो." अशा रीतीने घरी पोहोचलेली गोष्ट विश्वास बरोबर घेऊन येते, चोरवाटेने आलेली गोष्ट तो मोडून येते.

तेव्हा सभामंडपात डॉक्टर नम्रपणे "तिलाच विचारा" एवढेच म्हणाले, तर रुसू नये. जो आज दुसऱ्याचे आपल्याला सांगत नाही, तोच उद्या आपले दुसऱ्याला सांगणार नाही.