दोऱ्याचा लगाम



गेल्या हिवाळ्यात कोपरगावच्या बाहेर, गोदावरीकाठच्या एका मळ्यात, मी रोज पहाटे घोड्यावर बसायला शिकत होतो. माझं वय 42. शिकवणारे चाचा सत्तरीच्या घरातले. त्यांचे आजोबा टांगेवाले. साईबाबांच्या हयातीत मुंबईकडून शिर्डीला निघालेली माणसं कोपरगाव स्टेशनवर उतरायची आणि टांग्यानं पुढं जायची. त्या टांग्यांचे उल्लेख बाबांच्या चरित्रात सापडतात. आता टांगे गेले. चाचांकडे दोन घोड्या उरल्यात, त्या लग्नसराईत वरातीला जातात. त्यांतल्या थोरल्या, पांढऱ्या घोडीवर मी शिकलो.

पहिला महिना बरा गेला. घोडी पावलापावलानं चालायची, मी वर बसायचो, वळायचो, थांबायचो. मला वाटलं, जमलं. मग चाचांनी तिला दुडक्या चालीवर घेतलं आणि माझं अंग खोगिरावर आदळायला लागलं. तोल जायचा, हात आपोआप लगामाला घट्ट धरायचे. घोडी मान वर झटकायची. मला वाटायचं, हट्टी आहे. मी आणखी ओढायचो.

चौथ्या दिवशी चाचांनी थांबवलं. म्हणाले, "सर, तुम्ही घोडीवर बसलेलेच नाहीत. तिच्या तोंडाला लटकलेले आहात."

मग मला खाली उतरवून त्यांनी तिचा ओठ अलगद वर केला. घोड्याच्या जबड्यात पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. तिथं हाड, आणि हाडावर पातळ कातडी. लगामाची लोखंडी दांडी नेमकी त्या जागी बसते. घोडीच्या ओठाचा कोपरा लाल झाला होता. चार दिवस मी ज्याला तिचा हट्ट समजत होतो, ते तिचं दुखणं होतं. मला पडायची भीती वाटायची आणि त्या भीतीची किंमत ती मोजायची. त्या दिवशी मी पुन्हा वर बसलो नाही. तिला खरारा केला, तिच्या तोबऱ्यात चंदी घातली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी चाचांनी लगामही काढला आणि रिकिबीही काढल्या. एका लांब दोरीला घोडी, मध्ये चाचा, आणि मी दोन्ही हात पसरून गोल गोल. असे जवळजवळ तीन आठवडे गेले. मांड्या इतक्या भरून यायच्या की वर्गाकडे जाणारा जिना चढताना कठडा धरावा लागायचा.

आपल्या भाषेत स्वाराच्या बैठकीला 'मांड' म्हणतात. अमक्याची मांड पक्की आहे, असं आपण सहज बोलून जातो. त्या शब्दात किती मेहनत आहे, ते तेव्हा मला अंगानं कळलं. इथून पूर्वेला, वैजापूर तालुक्यात पालखेड आहे. 28 फेब्रुवारी 1728 या दिवशी तिथं पहिल्या बाजीरावांनी निजामाला कोंडीत धरलं. जड तोफा नाहीत, बुणगे नाहीत, वेगानं हिंडणारे स्वार एवढंच बळ. त्यांच्या एका हातात भाला असायचा आणि दुसऱ्या हातात लगाम. ज्याला तोल सावरायला लगामच लागतो, त्याच्या हातून भाला कसा चालणार? तीस वर्षांनी, 1758 मध्ये, बाजीरावांचे चिरंजीव रघुनाथराव यांच्या पंजाबच्या मोहिमेत मराठी घोडी अटकेपर्यंत पोचली. सालबाईच्या तहानंतर तेच रघुनाथराव कोपरगावात येऊन राहिले आणि 1783 मध्ये इथंच वारले. त्यांच्या वाड्यावरून जाताना आता माझ्या मनात राजकारण येत नाही. त्या हजारो अनामिक स्वारांच्या मांड्या येतात, आणि त्यांनी तोंड न दुखवता अटकेपर्यंत नेलेली घोडी येतात. सगळ्यांनी तसं नेलं असेल असं नाही. पण ज्यानं घोड्याचं तोंड फाडलं, तो फार दूर पोचला नसावा, असं मला ठामपणे वाटतं.

तीन आठवड्यांनी लगाम परत मिळाला. पण चाचांनी त्यात एक गोष्ट केली होती. चामड्याचा पट्टा आणि लोखंडी दांडी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना शिवणाचा साधा काळा दोरा बांधला होता. म्हणाले, "दोरा तुटला की उतरायचं, बांधायचं आणि परत बसायचं."

पहिल्या सकाळी दोरा सहा वेळा तुटला. दुसऱ्या दिवशी चार वेळा. दर वेळी तुटण्याच्या आधी मला काय झालं होतं, ते आठवून चाचांना सांगायला लागायचं. बहुतेक वेळा उत्तर एकच असायचं, घाबरलो होतो.

मग एक दिवस मळ्याच्या कडेच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर आला. हंगाम होता, मागं दोन ट्रॉल्या. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळं त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते अगदी कपाळासमोरचं आणि थेट शेपटीमागचं. ट्रॅक्टर मागून आला. तिला तो दिसायच्या आधी ऐकू आला. माझ्याखाली तिचं सगळं अंग गोळा झालं, माझी मूठ आवळली, आणि टक्कन दोरा तुटला. हातात नुसता पट्टा लोंबत होता.

धरायला काहीच नव्हतं. मी श्वास सोडला आणि खोगिरात खाली बसलो. घोडीनं बाजूला दोन उड्या घेतल्या आणि थांबली. चाचांच्या हातात लांब दोरी होती, त्यांनी ती ओढली नाही. ट्रॅक्टर निघून गेला. घोडीचा एक कान रस्त्याकडे होता, दुसरा माझ्याकडे वळलेला. अंगावर माशी बसली तरी जिची कातडी थरथरते, तिला माझी मांडी सैल झालेली कळली नसेल असं होणारच नाही. मी तिच्या मानेवर हात ठेवला आणि मला रडू आलं.

त्या संध्याकाळी मुलीला फोन करायला हात गेला आणि थांबला. ती नाशिकला शिकते. दिवसातून तीनदा मी फोन करत होतो. जेवलीस का, पोचलीस का, अभ्यास झाला का. ती हल्ली फोन उचलत नव्हती आणि मी तिला हट्टी म्हणत होतो. त्या आठवड्यात मी फोन केला नाही. रविवारी तिचाच आला, चाळीस मिनिटं बोलली.

चाचांच्या घोड्या वरातीला जातात, आणि तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू होतात. श्रोतेहो, वरातीच्या घोड्यांबद्दल तुम्हाला एक सांगायचं आहे. डीजेच्या भिंतीसमोर आणि फटाक्यांत घोडी उभी राहावी म्हणून काही ठिकाणी तिच्या तोंडात काटेरी लगाम घालतात. दात नसलेल्या त्या पातळ कातडीवर लोखंडाचे काटे. हे बेकायदेशीर आहे, गाडीच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारनं केलेल्या 1965 च्या नियमांनी ते मना आहे. तुमच्या घरी वरात असेल, तर घोडी ठरवतानाच लगाम बघायला मागा. काटे असतील तर ती घोडी नको म्हणा आणि का नको तेही सांगा. घोडी दारात आली की ढोल जरा लांब ठेवा. आणि नवरदेवाला वर बसवताना कानात सांगा, बाबा, लगामाला लटकू नकोस, खोगीर धर.